दोन नावं, आणि त्यांच्यामागचे पेपर

माझ्या भाचीला मेंदूविज्ञानात पीएच.डी. करायची आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने मला व्हॉट्सॲपवर दोन संशोधकांची गूगल स्कॉलरची पानं पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मावशी, तुझं आयुष्य यातच गेलंय. सांग ना, सरांकडे अर्ज करू की मॅडमकडे?’ सरांचा सायटेशनचा आकडा, म्हणजे त्यांचे पेपर पुढच्या पेपरांत किती वेळा उल्लेखले गेले तो, मॅडमच्या तिपटीच्या आसपास होता. म्हणजे मनातून तिचं ठरलेलंच होतं. घरातल्या मोठ्या माणसाचा होकार तेवढा हवा होता.

मी लगेच होकार दिला नाही. थोडे दिवस मागून घेतले, दोघांचे पेपर उतरवून घेतले आणि वाचायला बसले. तिला जे लांबलचक उत्तर पाठवलं तेच इथे जरा विस्ताराने लिहिते आहे, कारण अर्जाच्या दिवसांत हा प्रश्न घरोघरी पडतो आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तर आकडा बघूनच दिलं जातं.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, इथेच ग्रंथालयशास्त्र शिकले, आणि विज्ञानाच्या प्राध्यापकांना संदर्भ शोधून देण्याचं काम करत निवृत्त झाले. ग्रंथालयाचं वेड वडिलांमुळे लागलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत ते मला घेऊन जायचे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, त्यातलं हे मुख्य ग्रंथालय. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून. पुस्तक शोधणाऱ्याला ते दिसलं पाहिजे, या एका गोष्टीसाठी कोणीतरी जमीनच काचेची केली, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या टेबलापाशी येणाऱ्यांचा प्रश्न बदलला. आधी लोक विचारायचे, ‘अमुक विषयावर काय छापून आलंय?’ नंतर विचारू लागले, ‘माझे सायटेशन किती झाले?’ बढतीच्या फॉर्मला जोडायला दाखला हवा असायचा. २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या कामाला एपीआयचे गुण लावले, तेव्हापासून तर रांगच लागायची. शोधण्यासाठी बनवलेलं साधन तोलण्यासाठी जुंपलं गेलं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत.

ते बनवलं यूजीन गारफील्ड यांनी. १९५५ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात त्यांनी कल्पना मांडली, १९६० मध्ये फिलाडेल्फियात स्वतःची संस्था काढली, आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आला. कल्पनेचं मूळ वकिलीत होतं. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची जंत्री निघायची. एखादा जुना निकाल कोर्टात दाखवायचा, तर पुढच्या कोणत्या निकालाने तो उचलून धरला आणि कोणत्या निकालाने फिरवला, हे वकील त्यात बघून घेई. आपल्याकडचे वकीलही हेच करतात. वरच्या कोर्टाने फिरवलेला निकाल घेऊन कोण उभं राहील? गारफील्ड यांचं म्हणणं असं की शास्त्रज्ञालाही ही सोय हवी. जुना पेपर हातात आला की पुढे कोणी त्याच्यावर टीका केली, कोणी तो दुरुस्त केला, कोणी पुढे नेला, हे एका जागी सापडलं पाहिजे.

मुंबईत काही काळ शिकायला होते तेव्हा त्या छापील खंडांवर मी पुष्कळ बसले आहे. बारीक, डोळ्यांना पाणी आणणारा टाइप. वर जुन्या पेपरच्या पहिल्या लेखकाचं नाव, वर्ष, नियतकालिक, खंड, पान. त्याखाली, तो पेपर ज्यांनी ज्यांनी उल्लेखला त्यांची नावं, एकाखाली एक. बोट ठेवून सरकत जायचं. बेरीज कुठेच छापलेली नसायची. आकडा हवा असेल तर तुम्हीच मोजायचा, आणि मोजता मोजता नावं नजरेखालून जायची: हा त्यांचाच विद्यार्थी, हा जपानमधला गट, हा त्यांच्याशी वाद घालणारा. आता स्कॉलरच्या पानावर बेरीज आधी दिसते, ठळक अक्षरात, आणि नावांपर्यंत जायला एक क्लिक करावं लागतं. ते क्लिक कोणी करत नाही. माझी सगळी तळमळ त्या एका क्लिकबद्दल आहे.

भाचीने पाठवलेल्या पानावर तीन आकडे होते, त्यातला एच-इंडेक्स तिला सगळ्यात वजनदार वाटत होता. हा काढला कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी, २००५ मध्ये. हिशेब सोपा आहे. समजा एखाद्याचे पाच पेपर आहेत आणि त्यांचे सायटेशन ४०, १२, ६, ४ आणि १. इथे निदान चार वेळा उल्लेखलेले चार पेपर आहेत, म्हणून एच-इंडेक्स ४. आता पहिल्या पेपरच्या ४० च्या जागी ४,००० लिहा. एच-इंडेक्स तरी ४ च. म्हणजे ज्याने एकच पण विषयाला वळण देणारा पेपर लिहिला, तो माणूस या मोजपट्टीवर कुठेच दिसत नाही. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. संशोधन सोडून दिलं तरी वाढत राहतो, कारण जुने पेपर उल्लेखले जातच असतात. वयाने मोठ्या माणसाचा तो मोठाच असणार. सरांची कारकीर्द मॅडमपेक्षा बरीच जुनी होती. तिपटीच्या फरकातला काही भाग नुसता तिथेच जिरला.

यापुढे मी तिला १९७१ सालचे दोन पेपर वाचायला दिले.

पहिला लंडनचा. जॉन ओ’कीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांचा, ‘ब्रेन रिसर्च’मधला, अवघ्या पाच पानांचा. हिंडत्याफिरत्या उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ७६ पेशींची त्यांनी नोंद घेतली. त्यातल्या फक्त आठ पेशी अशा होत्या, की उंदीर एका ठरावीक जागी, ठरावीक दिशेला तोंड करून असला की त्यांचा विद्युत्‌संदेश सुरू व्हायचा. ७६ मध्ये आठ. त्यावरून त्यांनी म्हटलं की मेंदूत जागेचा नकाशा इथे असावा. ‘एवढ्याशा पेशींवरून एवढं मोठं विधान?’ असं त्या वेळी कोणाच्याही मनात येणं साहजिक होतं. आज त्या पाच पानांचे उल्लेख हजारांनी आहेत, आणि २०१४ मध्ये ओ’कीफ यांना मोसर दांपत्याबरोबर नोबेल मिळालं.

दुसरा पेपर मुंबईचा. सुरतेत जन्मलेले मज्जाविकारतज्ज्ञ नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांचा, ‘ब्रेन’ या नियतकालिकातला. चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, हातापायांवरचा ताबा सुटत जाणं, अशा आनुवंशिक आजाराची नऊ कुटुंबं त्यांनी तपासली होती. त्यात त्यांना एक गोष्ट वेगळी दिसली. आपण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे बघतो तेव्हा डोळे झटक्यात उडी मारतात. या रुग्णांचे डोळे उडी मारत नव्हते, सावकाश सरकत होते. रुग्णाच्या खाटेपाशीच करता येईल अशी ही चाचणी. लागतात फक्त डॉक्टरांची दोन बोटं. एकाकडे बघा म्हणायचं, मग दुसऱ्याकडे, आणि मधला प्रवास बघायचा. कितीतरी लोकांनी त्या डोळ्यांकडे पाहिलं असेल, पण हे लक्षण धरून आजाराचा वेगळा प्रकार मांडला या दोघांनी.

पंचवीस वर्षं गेली. १९९६ मध्ये तीन निरनिराळ्या गटांनी अशाच एका प्रकाराचा, एससीए-२ चा, जनुक शोधला, आणि मुंबईच्या नऊ कुटुंबांचं ते जुनं वर्णन पुन्हा लोकांच्या हातात आलं. १९९८ मध्ये वाडियांनी स्वतः, त्याच ‘ब्रेन’मध्ये, सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी करून दाखवलं की निदानात डोळ्यांच्या त्या संथ हालचालीचं महत्त्व किती आहे. १९७१ चा माणूस १९९८ मध्ये आपल्याच निरीक्षणाकडे नव्या हत्याराने परत गेला. हे दोन पेपर शेजारी ठेवून वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

१९७१ च्या त्या दोन पेपरांच्या सायटेशनची तुलना केली तर लंडनचा पेपर कितीतरी पुढे आहे. हिप्पोकॅम्पसवर जगभर असंख्य प्रयोगशाळा काम करतात, तोल जाण्याच्या या दुर्मिळ आनुवंशिक आजारांवर, अटॅक्सियावर, मोजक्या. मोजके लोक असलेल्या गावात मतं मोजकीच पडणार. पण वाडियांच्या पेपरला उल्लेखणाऱ्यांची यादी उघडा. तिथे वर्षामागून वर्षं, वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर, आपल्यासमोरच्या रुग्णाचं निदान करताना त्यांचा आधार घेताना दिसतात. एखादा पेपर पन्नास वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडतोय, हे त्या यादीत दिसतं, बेरजेत दिसत नाही.

आता मोठ्या आकड्यांबद्दल. विज्ञानात सर्वांत जास्त उल्लेखला गेलेला पेपर कोणता, असं विचारलं तर लोक डीएनए म्हणतात, सापेक्षता म्हणतात. तो आहे ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा, द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याच्या पद्धतीचा. २०१४ मध्ये ‘नेचर’ने यादी केली तेव्हा त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले होते. बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत वावरलेल्या प्रत्येकाने ‘लाउरी’ केलेलं असतं. निळा रंग चढला की प्रथिन आहे. लाउरींचा स्वतःचा जीव मात्र दुसरीकडे होता. एकेक मज्जापेशी सुटी काढून, क्वार्ट्‌झच्या धाग्यांच्या नाजूक काट्यावर तोलून, तिच्यातली रसायनं मोजण्यात त्यांनी वर्षं घातली. मेंदूच्या रसायनशास्त्रासाठी ते काम फार मोलाचं आहे, आणि त्याचे आकडे त्या निळ्या रंगाच्या आसपासही नाहीत. तेव्हा भाचीला म्हटलं, सरांचा सगळ्यात वरचा पेपर उघड आणि बघ, तो पद्धतीचा आहे, रिव्ह्यू म्हणजे आधीच्या कामाचा आढावा आहे, की नवा शोध आहे. रिव्ह्यू पेपरला नेहमीच जास्त उल्लेख मिळतात, कारण दहा मूळ पेपर वाचण्यापेक्षा एक रिव्ह्यू उल्लेखणं सोपं जातं. तो लिहिणं हेही कष्टाचं काम आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण लॅबमध्ये चार-पाच वर्षं घालवायची असतील तर तिथे काय शोधलं जातं हे कळायला हवं.

मोठ्या आकड्याची दुसरी बाजू जास्त दुखरी आहे. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये अल्झायमरवरचा एक पेपर आला. उंदरांच्या मेंदूतला अमायलॉइड या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार स्मरणशक्ती घालवतो, असा त्याचा दावा. दोन हजारांहून जास्त वेळा तो उल्लेखला गेला. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांवर जाहीरपणे शंका घेतली गेली, आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. त्या दोन हजार उल्लेखांचं काय झालं? काहीच नाही. ते मोजणीत आहेत. पेपर मागे घेतला म्हणून आकडा शून्यावर येत नाही. गारफील्ड यांना जे हवं होतं, फिरवलेला निकाल ओळखता यावा, नेमकं तेच काम बेरीज करत नाही. त्या मधल्या काळात किती मुलांनी तो आधार धरून आपल्या प्रबंधाची आखणी केली असेल, याचा विचार करवत नाही.

मेंदूविज्ञानात तर हे बघणं आणखी गरजेचं, कारण प्रयोग महाग, प्राणी मोजके, माणसं त्याहून मोजकी. २०१३ मध्ये कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्रातले अभ्यास तपासून दाखवलं की त्यांची सांख्यिकी ताकद मध्यक धरला तर २१ टक्क्यांच्या आसपास आहे. सोप्या भाषेत, परिणाम खरोखर असला तरी पाचांतल्या चार वेळा तो हाती लागणारच नाही, आणि जे लागलं ते फुगलेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणून पेपर हातात घेतला की मी आधी किती उंदीर, किती माणसं, हे बघते. हे बघायला मेंदूविज्ञानाची पदवी लागत नाही.

नावांचा घोळ हा माझा रोजचा विषय होता, म्हणून त्यावर थोडं थांबते. डेटाबेसला ‘कुलकर्णी एस.’ दिसतो, आणि असे कुलकर्णी शेकड्यांनी आहेत. आमच्याकडे एक बाई संशोधक होत्या. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या, मधे दोन पेपरांत दोन्ही आडनावं जोडून, आणि गुजराती सहकाऱ्यांबरोबरच्या एका पेपरात मधलं अक्षर वडिलांचं तर दुसऱ्यात नवऱ्याचं. स्कोपस या डेटाबेसमध्ये त्या चार वेगवेगळ्या बायका होत्या. चौघींचा वेगवेगळा एच-इंडेक्स, आणि चारही किरकोळ. आम्ही दोघींनी बसून एकेक पेपर पत्त्यावरून, सहलेखकांवरून, विषयावरून ओळखला, विनंतीअर्ज भरला, आणि त्या एकदाच्या एक झाल्या. २०१२ पासून ऑर्किड आहे, सोळा आकडी ओळखक्रमांक, तो काढला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. मुलींनी पहिला पेपर पाठवायच्या आधी तो काढावा, हे मी प्रत्येकीला हात धरून सांगायचे. उलटंही घडतं. मॅडमच्या स्कॉलर पानावर मला मूत्रपिंडाच्या विकारावरचे दोन पेपर सापडले. नावसाधर्म्याने आपोआप येऊन बसलेले. काढून टाका म्हणून कळवायला मी भाचीला सांगितलं आहे, पण आत्ता नाही, प्रवेश झाल्यावर.

नावांचा क्रमही वाचायचा असतो. या क्षेत्रात पहिलं नाव बहुधा हाताने काम केलेल्या विद्यार्थ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. भारतातलं एक सुंदर उदाहरण मी तिला दिलं. २००२ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये अजय व्यास, रूपशी मित्रा, शंकरनारायण राव आणि सुमंत्र चटर्जी यांचा पेपर आला. बंगळूरच्या एनसीबीएस आणि निमहान्स या संस्थांमधलं काम. रोज ठरावीक वेळ उंदरांना जखडून ठेवून दीर्घ ताण दिला, तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आक्रसतात आणि त्याच वेळी अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या वाढतात. स्मृतीचं केंद्र खंगतं आणि भीतीचं केंद्र फोफावतं, एकाच ताणाने, एकाच मेंदूत. त्याचे उल्लेख हजाराच्या वर आहेत, आणि उल्लेखणाऱ्यांची वाक्यं वाचली तर बहुतेकजण हा विरोधाभासच उद्धृत करतात, म्हणजे पेपरचा गाभा. शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं, पहिलं नाव तेव्हाच्या विद्यार्थ्याचं, ज्याने पुढे स्वतःची लॅब उभी केली. मोठा आकडा खरोखर कमावलेला असतो तेव्हा तो असा दिसतो.

आपल्याकडे दरवर्षी वर्तमानपत्रांत ‘जगातल्या पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आपले प्राध्यापक’ अशी बातमी येते. ‘स्टॅनफर्डची यादी’ म्हणून ती ओळखली जाते. ती जॉन इओनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपसच्या माहितीवरून तयार केलेली. २०१९ पासून सर्वांसाठी खुली आहे. बातमी देणाऱ्यांनी ती एक्सेल फाइल उघडून पाहावी, अशी माझी फार इच्छा आहे. त्यात प्रत्येक नावापुढे स्वतःच स्वतःला किती टक्के उल्लेखलं याचा रकाना आहे, आणि ते वगळून येणारा क्रमही आहे. विषयही बारीक वाटलेले आहेत, १७४ उपशाखा, कारण गणितातल्या माणसाची मेंदूविज्ञानातल्या माणसाशी तुलना होऊच शकत नाही. यादी करणाऱ्यांनी जी काळजी घेतली ती बातमीत पोचत नाही, आणि पेढे मात्र वाटले जातात. ज्यांचं नाव येतं त्यांचा आनंद मला कळतो. आपल्या छोट्या शहरांतल्या संशोधकांना कौतुक फार क्वचित मिळतं. माझं दुखणं वेगळं आहे. त्याच विभागात एखादी बाई वर्षानुवर्षं अपस्माराच्या रुग्णांच्या नोंदी ठेवत असते, तिचं नाव कोणत्याच यादीत येत नाही, आणि पुढच्या अनुदानाच्या वेळी तिच्यासमोर ती यादी ठेवली जाते.

तर ते दोघं.

सरांच्या आकड्याचा मोठा भाग दोन रिव्ह्यूंतून आणि एका प्रचंड आंतरराष्ट्रीय पेपरातून आला होता. त्या पेपरात लेखकांची नावंच दीड पान होती आणि सरांचं नाव मधे कुठेतरी. तेही काम खरं आहे. इतक्या केंद्रांमधून रुग्णांची माहिती गोळा झाल्याशिवाय आनुवंशिक अभ्यास होत नाहीत. पण लॅबचे स्वतःचे, शेवटी सरांचं नाव असलेले पेपर गेल्या काही वर्षांत विरळ होत गेले होते. मॅडमचे पेपर कमी, प्रत्येक पेपरात पहिलं नाव वेगळ्या विद्यार्थ्याचं, आणि उल्लेख करणारे बहुतेक बाहेरचे. एका पेपरला उल्लेखणारी वाक्यं मी एकेक करून वाचली. काहींनी नुसती हजेरी लावली होती, ‘यावर पूर्वीही काम झालं आहे’ म्हणून पाच नावांच्या ओळीत एक. काहींनी त्यांची पद्धत उचलली होती. आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका गटाने त्यांचा प्रयोग पुन्हा करून पाहिला होता. त्यांना निम्मा निकाल तसाच मिळाला, निम्मा मिळाला नाही. मॅडमनी पुढच्याच पेपरात त्या न जुळलेल्या निम्म्याबद्दल सविस्तर लिहिलं होतं: प्राण्यांचं वय वेगळं होतं, आणि त्या वयात हा परिणाम दिसत नाही, हे त्यांनी स्वतः तपासून मांडलं होतं. तो परिच्छेद मी भाचीला फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हा आधी वाच.’

तिचा फोन आला. ‘मावशी, पण मुलाखतीत विचारतील ना, एवढा मोठा माणूस सोडून इकडे का?’ मी म्हटलं, अगं, जे वाचलंस ते सांग. त्यांच्या एका पेपरावर दहा मिनिटं बोलता आलं तर पुढे कोणी विचारणार नाही.

मग आम्ही शोधगंगेवर गेलो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेला हा प्रबंधांचा साठा, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, आणि गाइडच्या नावाने शोधता येतात. दोघांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आम्ही काढले. नोंदणी कधी, प्रबंध कधी सादर झाला, मधे किती वर्षं गेली. २०२२ च्या नियमांपासून यूजीसीने पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे, त्यामुळे प्रबंधातली किती प्रकरणं आपसूक छापली गेली, हे बघण्यात आता जास्त अर्थ आहे. न जमलेल्या प्रयोगांचं प्रकरण कोणाच्या प्रबंधात आहे, कोणाच्या नाही. आभारप्रदर्शनात गाइडबद्दल एक ठरलेली ओळ आहे की लॅबमधल्या रात्रीच्या कोणत्या तरी खऱ्या प्रसंगाचा उल्लेख आहे. मॅडमच्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं की पहिल्या वर्षीची सगळी मोजमापं यंत्राच्या बिघाडामुळे टाकून द्यावी लागली, आणि ती टाकून द्यायची हे बाईंनीच ठामपणे सांगितलं.

भाचीने अर्ज मॅडमकडे केला आहे. मुलाखत व्हायची आहे. दरम्यान सरांचा एक रिव्ह्यूही तिने पूर्ण वाचून काढला. म्हणाली, विषयाची इतकी स्वच्छ मांडणी तिला दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती. त्यातल्या संदर्भसूचीतून तिने वाचायचे पेपर निवडले आहेत, आणि रोज रात्री मला त्यातल्या एकाबद्दल फोनवर सांगते.